नापास होण्याची रंगीत तालीम

वडील गेले तेव्हा मी सातवीत होते. ते परळच्या एका गिरणीत कामाला होते आणि राहायची खोलीही गिरणीचीच होती. छातीच्या दुखण्याने त्यांना नेलं, आणि बारावं व्हायच्या आतच त्या खोलीत दुसऱ्या कामगाराची ट्रंक येऊन बसली. माणूस भला होता. "तुमचं उरकेपर्यंत मी बाहेर गॅलरीत झोपतो, वैनी," असं त्याने आईला सांगितलं. पण ट्रंक आत ठेवली. मी आणि आई त्या ट्रंकेकडे बघत जेवायचो.

आईला अक्षरओळख नव्हती. गावी कुडाळकडे परत जावं, तर तिथे दिरांचं घर, आणि दिरांच्या घरात विधवा भावजय कुठे झोपते आणि कधी जेवते हे तिने लहानपणापासून पाहिलेलं. तिचा थोरला भाऊ, म्हणजे माझे मामा, घाटकोपरला एका कारखान्यात होते. त्यांनी मुलुंडला एक खोली शोधली. "लांब आहे म्हणून मिळते," ते म्हणाले. आई गुजराती घरांतून पोळ्या लाटायला जाऊ लागली. तिच्याकडे दोन लुगडी होती. एक अंगावर, एक दोरीवर. दोरीवरचं वाळलं नाही की ती ते ओलंच नेसायची आणि कामाला जायची. चुलीपुढे बसलं की वाळतं, म्हणायची.

अशा दिवसांत आम्ही ज्यांच्याकडे भाड्याने राहायला गेलो, त्या गृहस्थांना गरीब होण्याची हौस होती.

त्यांना सगळे मालक म्हणत. पुढे त्यांचं कौलारू घर, मागे भाडेकरूंच्या खोल्यांची ओळ, ओळीच्या टोकाला नळ, आणि त्याच्यामागे विहीर व केळीची बाग. मालक सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. बायको वारलेली, मूलबाळ नाही. दर शनिवारी ते स्वतःचा पलंग सोडून ओटीवर नुसत्या चटईवर झोपत, अनवाणी बाजारात जात, आणि दुपारी आमच्या दारात येऊन आईला म्हणत, "बाई, आज गरिबाचं जेवण द्या."

आई आम्ही रोज खायचो तेच त्यांच्या ताटात वाढायची. भाकरी, कांदा, आणि असलंच तर कुळथाचं पिठलं. ते उकिडवे बसून जेवत, ताट स्वतः घासून ठेवत, आणि जाहीर करत, "जमतं. घाबरण्यासारखं काही नाही."

"हे कशाक करतास, मालक?" आईने एकदा विचारलं.

"रंगीत तालीम, बाई. उद्या खरंच गरिबी आली तर वाक्यं पाठ पाहिजेत."

आई कोकणातली. दशावताराचे खेळ देवळापुढच्या मांडवात बघत वाढलेली. तिला तालीम म्हणजे काय ते पक्कं ठाऊक होतं. ती म्हणाली, "तुमची शनवारची तालीम, मालक. आमचो रोजचो प्रयोग."

मालकांनी यावर बराच वेळ विचार केला. दुसरा कुणी असता तर ओशाळला असता किंवा चिडला असता. मालक म्हणाले, "मग माझं चुकतंय. एका दिवसात भूमिका बसणार नाही." आणि पुढच्या आठवड्यापासून ते शनिवार-रविवार दोन्ही दिवस आमच्याकडे जेवू लागले. कोरडा शिधा आधी पाठवून देत, हे सांगायला हवं. पण तो आईने नेहमीसारखाच रांधावा, त्यात चांगलंचुंगलं काही करू नये, अशी ताकीद असे.

मालकांकडे पांढऱ्या ऑइलपेंटचा एक डबा आणि बारीक ब्रश होता. घरातल्या प्रत्येक वस्तूवर तिचं भविष्य त्यांनी लिहून ठेवलेलं होतं. चहाच्या कपावर 'फुटणार'. आरामखुर्चीच्या पाठीवर 'मोडणार'. कोटाच्या आतल्या बाजूला 'विरणार'. काळ्या छत्रीवर, उघडली की चारी दिशांना दिसेल असं, 'हरवणार'. दारावर नावाची पाटी होती, आणि नावाखाली जिथे लोक आपली पदवी लिहितात तिथे 'जाणार' असं होतं. नवीन पोस्टमन आला की विचारायचा, "कधी जाणार? पत्रं कुठे पाठवायची?"

"वस्तू गेली की माणूस का रडतो?" मालक मला समजावत. "ती जाणार नाही असं कुणीतरी त्याला सांगितलंय असं त्याला वाटत असतं. कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून मी लिहूनच ठेवतो. नंतर तक्रार नको."

कप यथावकाश फुटले, खुर्चीही मोडली. छत्री मात्र काही केल्या हरवेना. ते ती बाजारात विसरत, पोस्टात विसरत, एकदा तर ठाण्याला विसरून आले. लोक आणून द्यायचे. अख्ख्या मुलुंडात तशी छत्री दुसरी नव्हती.

एका दिवाळीच्या आधी घराला रंग दिला तेव्हा उरलेल्या रंगात त्यांनी पुढच्या भिंतीवर, रस्त्यावरून दिसेल असं, 'पडणार' लिहिलं. दोन दिवसांत नगरपालिकेचा माणूस आला. इमारत धोकादायक असल्याचं मालकानेच जाहीर केलंय म्हटल्यावर त्याला येणं भाग होतं. त्याने भिंती ठोकल्या, वासे तपासले, आणि म्हणाला, "साहेब, घर तर मजबूत आहे. पडणार कधी?"

"ते मला कसं माहीत असणार?"

"मग लिहिलंत का?"

"तुम्ही लिहून द्या की पडणार नाही. मी पुसतो."

तो माणूस असं काही लिहून देईना. कुठला सरकारी माणूस देईल? शेवटी त्याने चहा घेतला, कपावरचं 'फुटणार' वाचलं, कप फार सांभाळून खाली ठेवला आणि गेला. भाडेकरू मात्र आठवडाभर पोराबाळांना अंगणात झोपवत होते.

मालकांचं सगळं तत्त्वज्ञान एका शब्दात मावायचं. खातं. आयुष्य कचेरीत गेलेलं, त्यामुळे जगाची विभागणी त्यांनी कचेरीसारखीच केली होती. काही गोष्टी आपल्या खात्यातल्या, बाकीच्या दुसऱ्या खात्यांच्या. आपण काय बोलतो, कसं वागतो, कशाला हो म्हणतो आणि कशाला नाही, हे आपलं खातं. लोक काय म्हणतात, तब्येत कशी राहते, कोण कधी जातं, ही दुसरी खाती. "आणि दुसऱ्या खात्याच्या फाइलला हात लावायचा नाही. नोकरीतून काढतात." त्यांची बढती डावलून हाताखालच्या एका तरुणाला वर घेतलं होतं, तेव्हा त्याला काम शिकवायला हे रोज उशिरापर्यंत थांबत. बढती साहेबाच्या खात्यातली, काम नीट होणं माझ्या खात्यातलं, असं त्यांचं म्हणणं.

हे सगळं त्यांनी एका जुन्या इंग्रजी पुस्तकावरून घेतलेलं होतं. पुस्तकाला पुठ्ठा नव्हता, पहिली पानं नव्हती, त्यामुळे ते कुणी लिहिलं हे त्यांना माहीत नव्हतं. एवढंच कळलं होतं, की फार जुन्या काळी परदेशात एक गुलाम आणि एक बादशहा होऊन गेले आणि दोघांनी एकच गोष्ट सांगितली. "गुलाम आणि बादशहा यांचं एकमत होतंय म्हणजे त्यात काहीतरी असणार. आमच्या कचेरीत तर दोन कारकुनांचं होत नव्हतं." पुढे कॉलेजात हाच भाग आमच्या प्रोफेसरांनी फार जड शब्दांत शिकवला. बाकीच्या मुली खाली मान घालून लिहून घेत होत्या. मी लिहिलं नाही. मला पाठ होतं.

म्हणून मालकांना राग येत नव्हता असं नाही. चांगला सणसणीत यायचा. पण रागावर त्यांनी एक इलाज केला होता. राग आला की ते बोलणं अर्धवट सोडून उठत, विहिरीवर जात आणि शांत होईपर्यंत केळींना पाणी घालत. सगळ्या भाडेकरूंना तशी सूचना होती. मालक बादली घेऊन निघाले तर हाक मारायची नाही. नळाजवळच्या खोलीत एक फिटर राहायचा. तो पाण्यावरून रोज सकाळी मालकांना शिव्या घालायचा. मालक हात जोडून ऐकून घेत आणि म्हणत, "झालं? आता हंडा भर, नळ जाईल." मग बादली उचलत. त्या फिटरच्या कृपेने आमच्याकडची केळी मुलुंडात नावाजलेली होती. एकदा तापाने फणफणलेला असल्यामुळे तो शिव्या द्यायला बाहेर आला नाही, तर मालकच त्याच्या दारात जाऊन बसले. डॉक्टरही त्यांनीच आणला. बरा झाल्यावर फिटरने पुन्हा शिव्या सुरू केल्या. "बरा झाला," मालक समाधानाने म्हणाले आणि बादली उचलली.

आमच्या खोलीत धूर फार, म्हणून मी मालकांच्या ओटीवर बसून अभ्यास करायची. त्यांनी मला काही शिकवलं नाही. फक्त मी परीक्षेच्या काळजीने रडकुंडीला आले की म्हणत, "अभ्यास तुझ्या खात्यातला. मार्क युनिव्हर्सिटीच्या खात्यातले. कशाला लुडबुड करतेस?"

मी मॅट्रिक झाले. आमच्या घराण्यात अंगठा न लावता सही करणारी मी पहिली बाई. कॉलेजात फी माफ झाली. मामांना हे पसंत नव्हतं. मामा वाईट नव्हते. वडील गेल्यावर दार उघडं ठेवलेला तो एकच माणूस. पण त्यांना भीती वाटायची, की ही अशीच शिकत राहील आणि आपल्या जातीत, आपल्या ऐपतीत हिला घेणारं कुणी उरणार नाही. "चेडवाक शिकवून काय करतलंस, बाय?" ते आईला विचारत. त्यांची एक सवय होती. महत्त्वाचं काही बोलायचं असलं की खिशातून काडेपेटी काढून ती कानाशी खुळखुळवायची, मग विडी पेटवायची, मग बोलायचं. तो खुळखुळाट झाला की आई पदर सावरून उभी राहायची. आणि मामा जे काही म्हणत त्यावर तिचं उत्तर एकच असे. "होय, दादा."

शेवटी ठराव झाला. मी इंटरला, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेला, बसायचं. पास झाले तर पुढे बी.ए.पर्यंत मामा चकार शब्द काढणार नाहीत. नापास झाले तर मामा म्हणतील तिथे लग्न. स्थळही त्यांनी बघून ठेवलं होतं. मुलगा बंदरात कारकून, स्वभावाने गरीब. आई म्हणाली, "होय, दादा."

परीक्षा झाली. निकाल जवळ आला तसा माझा घास उतरेना. एका रविवारी दुपारी मालक आमच्या दारात आले.

"बाई, तालीम करून घेऊ."

"कसली?"

"ही नापास झाल्याची."

आईने लाटणं खाली ठेवलं. "मालक, जिभेक हाड आसा काय तुमच्या? पोर पास जातली."

"पास झाली तर काही प्रश्नच नाही. पास कुणालाही होता येतं. नापास होताना माणसं गडबडतात."

मला हे पटलं. मी दाराबाहेर गेले, पुन्हा आत आले आणि म्हणाले, "आई, मी नापास झाले."

आईकडून आम्ही दोघांनीही एवढी अपेक्षा केली नव्हती. तिने कपाळावर हात मारला. "देवा म्हाराजा!" म्हणून जी हाक फोडली ती नळापर्यंत गेली असेल. मग तिने माझ्या गेलेल्या वडिलांना बोलावून घेतलं. "तुमी गेलात, सुटलात! माका एकटीक ठेवून गेलात!" वडील गेले तेव्हा त्या ट्रंकेसमोर तिला नीट रडताही आलं नव्हतं. तेही तिने त्यात उरकून घेतलं. निकाल लागायचा आहे हे मला माहीत असूनही मी तिच्या गळ्यात पडून रडले. मालक भिंतीला टेकून उभे होते. आमचं थांबल्यावर म्हणाले, "सुरुवात चांगली आहे, बाई. जरा लांबली."

मग त्यांनी स्वतःची काळी टोपी मामांसारखी तिरकी घातली आणि खुर्ची ओढून बसले. "बाय, पोर नापास झाली. आता ठरल्याप्रमाणे लग्न."

"होय, दादा," आई म्हणाली.

मालकांनी टोपी काढली. "बाई, हे काय?"

"काय?"

"होय म्हणालात."

"दादाक मी होयच म्हणतंय."

"मनात काय आहे?"

आईने पोळपाटावरचं पीठ हाताने झाडलं. "मनात 'नाय' आसा."

"मग तेच तोंडातून येऊ दे."

"सवय नाय, मालक."

"मामा काय बोलतात ते मामांच्या खात्यातलं. पण तुमचं होय आणि तुमचं नाही तुमच्या खात्यातलं. ते मामांकडे कसं गेलं?"

"मीच दिलंय कदीतरी," आई म्हणाली.

त्या दुपारी आईने 'नाय' म्हणायची तालीम केली. पहिल्यांदा आवाजच फुटेना. मग एवढा फुटला की कावळे उडाले. मग हळूहळू तो माणसाच्या आवाजासारखा झाला. माझं वाक्यही पुन्हा घेतलं. मी आत आले, "आई, मी नापास झाले" म्हणाले. या खेपेला ती रडली नाही. म्हणाली, "बरां. हात-पाय धू. जेव." मालकांनी मान डोलावली. "हेच ठेवा."

एक गोष्ट मात्र आमच्या कुणाच्याच लक्षात आली नव्हती. आमच्या आणि शेजारच्या भानूबेनच्या खोलीमध्ये भिंत होती ती फळ्यांची. तासाभरात भानूबेन सुखडीच्या वड्यांची ताटली घेऊन डोळे पुसत आल्या. "अरे रे, छोकरी फेल थई गई ने? कंई वांधो नहीं."

आई म्हणाली, "भानूबेन, ती तालीम होती."

"हां हां," भानूबेन म्हणाल्या आणि दुःखाने डोकं फिरलेल्या माणसाच्या पाठीवरून फिरवतात तसा आईच्या पाठीवरून हात फिरवला. "तालीम."

संध्याकाळपर्यंत सगळी ओळ येऊन गेली. नळावरचा फिटरही आला आणि कुणालाच शिव्या न देता गेला. भानूबेनच्या यजमानांचं दुकान घाटकोपरला, मामांच्या कारखान्याच्या वाटेवर. त्यामुळे पुढच्या रविवारी मामा आले ते मुलाच्या वडिलांना घेऊन, हातात नारळ घेऊनच.

मामांनी काडेपेटी खुळखुळवली. "कळलं सगळं. झालं ते झालं. बाय, आता ठरल्याप्रमाणे?"

मी आईकडे बघितलं. मालक दारात येऊन उभे होते, त्यांनीही बघितलं. आईचे ओठ हलले.

"होय, दादा," ती म्हणाली आणि चहा ठेवायला वळली.

मालक म्हणाले, "अजून निकाल लागलेला नाही."

मामांची विडी हातातच राहिली. "मग रडारड कशाची चालली होती?"

"तालीम होती."

"कसली तालीम?"

"नापास होण्याची."

"मालक, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"ते माझ्या खात्यातलं. मी बघतो. आहे."

मुलाचे वडील नारळाकडे बघत होते. त्यांनी विचारलं, "म्हणजे मुलगी अजून नापास झालेली नाही?"

"अजून नाही."

"मग आम्हीसुद्धा अजून आलेलो नाही असं धरा," ते म्हणाले. पण चहा प्यायले. मामा नारळ घेऊन परत गेले. मालक बादली घेऊन विहिरीवर गेले आणि त्या दिवशी त्यांनी केळींच्या मुळाशी तळं केलं.

दुसऱ्या दिवशी ते आईला म्हणाले, "काल वाक्य विसरलात."

"खरो दादा समोर होतो, मालक. तुमचा भ्या वाटना नाय माका."

"बरोबर आहे. चूक माझी. माझा मामा नीट बसलेला नाही."

मालकांनी उभ्या जन्मात विडी ओढली नव्हती. त्यांनी काडेपेटी आणली. मामा ती कशी धरतात, कानाशी किती वेळ खुळखुळवतात, मान कुठे वळवतात, हे मला विचारून विचारून बसवलं. आणि मग निकालापर्यंत वेळी-अवेळी आमच्या दारात येऊन ते नुसती काडेपेटी वाजवत. आईच्या हातातून सुरुवातीला पळी पडायची. मग पडेनाशी झाली. मग ती मागे वळून न बघताच म्हणू लागली, "नाय, दादा." आणि पोळी उलटायची. भानूबेन फळ्यांपलीकडून म्हणत, "बिचारी."

निकाल लागला. तेव्हा पास झालेल्यांचे नंबर वर्तमानपत्रात यायचे. मालकांनी ओटीवर वर्तमानपत्र पसरलं आणि मीच बोट फिरवत गेले. माझ्या अलीकडचा नंबर होता. माझ्या पलीकडचा होता. मी पुन्हा वरपासून बघितलं. मालकांनी वर्तमानपत्राची घडी घातली. गुण नंतर कळले. मी लॉजिकमध्ये राहिले होते.

मी अंगण ओलांडून आमच्या खोलीत गेले. "आई, मी नापास झाले."

आईने वळून माझ्याकडे बघितलं. हे खरं आहे हे तिला माझ्या तोंडावरून कळलं. तिचा हात कपाळाकडे निघाला होता, मी पाहिला. तो मध्येच थांबला आणि तिने त्या हाताने घाम पुसला.

"बरां," ती म्हणाली. "हात-पाय धू. जेव."

मी जेवले. मला वाटलं होतं तसं काही झालं नाही. जीव गेला नाही, भिंत पडली नाही. रडू आलं, पण ते आधी एकदा येऊन गेलेलं होतं, त्यामुळे फार थांबलं नाही. शेजारून कुणी आलं नाही. भानूबेनना मी सांगायला गेले तर म्हणाल्या, "ए तो खबर छे. केटली वार?" एकाच नापासाचं दोनदा सांत्वन करायला कुणाकडेच वेळ नव्हता.

मामा रविवारी आले. या खेपेला एकटे. माझ्याकडे बघून त्यांना वाईट वाटलं असावं, कारण आल्या आल्या त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. खुर्चीवर बसले. खिशात हात घातला, काडेपेटी काढली, कानाशी नेली आणि खुळखुळवली.

"नाय, दादा," आई म्हणाली.

मामांनी काडेपेटी खाली घेतली. "मी अजून काही बोललोच नाही."

"तू बोलतलंस. लग्न म्हणतलंस. नाय. पोर ऑक्टोबरात परत बसतली. मग तू म्हणतलंस, लोक काय बोलतले. ता लोकांचा. मग तू म्हणतलंस, वय जाता. जाऊ दे. माजा पण गेला. मग तू म्हणतलंस, शब्द दिलो होतो. दिलो होतो, दादा. तो माज्या तोंडान दिलो होतो, माज्या मनान नाय. माका माफ कर. पण नाय."

आई पदर सावरून उभी राहिली नव्हती. ती बसूनच बोलत होती आणि बोलता बोलता तिने तांदळातले दोन खडेही काढून टाकले. मामांनी एकदा मालकांच्या ओटीकडे पाहिलं. ओटी रिकामी होती. मालक विहिरीवर होते. पाठमोरे. रहाटाचा आवाज येत होता. ते मुद्दाम तिथे गेले होते, कारण हा प्रयोग त्यांच्या खात्यातला नव्हता.

"हे कुणी शिकवलं तुला?" मामांनी विचारलं.

"बोलूक शिकयलां मालकांनी," आई म्हणाली. "'नाय' माजा होता."

मामांनी विडी पेटवलीच नाही. काडेपेटी खिशात घातली, उठले, आणि दारात चप्पल घालताना मला म्हणाले, "ऑक्टोबरात तरी नीट लिही गो." ती त्यांची परवानगी होती. आईने नुसती मान हलवली. मामा वळणाआड गेल्यावर तिच्या हातातलं तांदळाचं सूप निसटून खाली पडलं. तेव्हा मालक आले, खाली बसले आणि सांडलेले तांदूळ आमच्याबरोबर गोळा करू लागले.

ऑक्टोबरात मी सुटले. मग दोन वर्षं. बी.ए.च्या निकालाच्या आधी मालकांनी पुन्हा तालीम घेतली, भानूबेननी पुन्हा सुखडी आणली. आणि वर्तमानपत्रात या खेपेला माझा नंबर निघाला.

मी खोलीत जाऊन सांगितलं. आई पोळपाटापुढे बसलेली होती. ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्याकडे. पुढे काय म्हणायचं हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. मग तिने आपलं पाठ होतं तेच म्हटलं. "बरां. हात-पाय धू. जेव." मालक दारात होते. ते आत आले, बसले, उठले, पुन्हा बसले. "ह्याची तालीम राहिली," म्हणाले. आणि बादली घेऊन विहिरीवर गेले. राग आलेला नव्हता. तरी बराच वेळ पाणी घालत होते.

पदवीचा कागद हातात आला तेव्हा मी तो त्यांना दाखवायला नेला. त्यांनी चष्मा पुसून तो वाचला आणि सवयीने रंगाचा डबा उघडला, ब्रश बुडवला. आई घाबरली. "मालक, काय लिवतास?"

मालक ब्रश धरून बसून राहिले. ब्रशाच्या टोकाला रंगाचा थेंब जमला आणि त्यांच्याच धोतरावर पडला. "कागदावर 'फाटणार' लिहिता येईल," ते शेवटी म्हणाले. "पण बी.ए.वर काय लिहायचं ते सुचत नाही." आणि त्यांनी डबा बंद केला.

काही वर्षांनी मालक गेले. पाटीवर आधीच लिहिलेलं होतं. छत्री त्यांनी आईला दिली होती, ती आमच्याकडे आहे, हरवलेली नाही. पदवीचा कागद पुढे खरंच एका कोपऱ्यात फाटला.

मी अजून बी.ए. आहे.